बाहुलीची चादर कापून लहान होत नाही

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

सुट्टीच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत बाहुलीघरासाठी पलंग आणि अंथरूण-पांघरूण करण्याची कृती छापून आली. आइस्क्रीमच्या काड्यांचा पलंग, भांडी घासायच्या स्पंजची गादी आणि वर जुन्या सोलापुरी चादरीचा किंवा टॉवेलचा तुकडा, अशी ती कृती होती. मुलांच्या हाताला काम मिळावे हा हेतू फार चांगला आहे. पण त्या कृतीबरहुकूम केलेला पलंग बाहुलीला आखूड पडतो, तिचे पाय बाहेर लोंबतात. गादीवर ठेवलेली उशी घसरून पडते आणि वरची चादर पत्र्यासारखी ताठ उभी राहते. मग मूल म्हणते, मला जमत नाही. त्यात मुलाचा काही दोष नाही, कृतीतली मापे चुकली आहेत. चादरीच्या गावातल्या वर्तमानपत्राने तरी चादर लहान कशी करायची ते नीट सांगावे असे आम्हांला मनापासून वाटते, म्हणून हे लांबलेले पत्र.

बाहुलीघराचे सगळ्यांत रुळलेले प्रमाण १:१२ आहे. खऱ्या घरातला एक फूट म्हणजे तिथे एक इंच. दिल्लीचे राष्ट्रपती भवन ज्यांनी रचले त्या एडविन ल्युटेन्स यांनीच इंग्लंडच्या राणी मेरीसाठी १९२१ ते १९२४ या काळात एक बाहुलीघर रचले. ते आज विंडसरच्या किल्ल्यात आहे आणि तेही याच प्रमाणात आहे. आपल्या सुतारांना तर हे प्रमाण शिकवावे लागत नाही. आठ सूत म्हणजे एक इंच, म्हणून बाहुलीघरातले एक सूत म्हणजे खऱ्या घरातले दीड इंच. साडेचार इंच जाडीची गादी तीन सुतांची, १५ इंच उंचीचा पलंग दहा सुतांचा. सगळा हिशेब तोंडी होतो.

मात्र कामाला हात घालण्याआधी घरात बाहुली कोणती आहे ते पाहावे. बार्बीच्या चणीची साडेअकरा इंची बाहुली १:६ या प्रमाणातली असते. तिच्यासाठी या पत्रातली लांबी, रुंदी आणि जाडी दुप्पट धरावी. काडेपेटीचा पलंग पुष्कळ घरांत करतात, पण काडेपेटी जेमतेम ५ सेंटिमीटर लांब असते. १:१२ च्या घरात ती दोन फुटांचीही भरत नाही. तान्ह्या बाळाचे अंथरूण म्हणून ती छान शोभते, मोठ्या माणसाचा पलंग म्हणून नाही.

आइस्क्रीमच्या काडीचेही तसेच आहे. ती ११४ मिमी लांब, १० मिमी रुंद आणि २ मिमी जाड असते. सहा फुटी पलंगाला ६ इंच, म्हणजे १५२ मिमी लांबी लागते. काडी जेवढी तेवढाच पलंग केला की तो साडेचार फुटांचा होतो. दोन काड्या टोकाला टोक लावून चिकटवल्या तर पलंग मधल्या सांध्यावर वाकतो. यावर सोपा उपाय म्हणजे डॉक्टर जीभ दाबून घसा बघायला वापरतात ती लाकडी पट्टी. ती सर्जिकल वस्तूंच्या दुकानात मिळते. ती १५० मिमी लांब, १८ मिमी रुंद आणि साधारण १.६ मिमी जाड असते. दोन पट्ट्या एकावर एक चिकटवल्या की बरोबर एक सूत जाडी येते, म्हणजे खऱ्या घरातली दीड इंची फळी. आइस्क्रीमच्या काड्या टाकून देऊ नयेत, गादीखालच्या आडव्या पट्ट्यांसाठी त्यांच्याइतके सोयीचे दुसरे काही नाही.

तीन फूट बाय सहा फूट एकेरी पलंग धरू. बाहेरून बाहेर ३ × ६ इंच. पायांसाठी सुताराकडून दोन सूत जाडीची चौकोनी सागवानी बिडिंग (बारीक लाकडी पट्टी) आणावी. पायथ्याचे दोन पाय सव्वा इंचाचे, उशाकडचे दोन खांब ३ इंचांचे. लांबीच्या दोन फळ्या प्रत्येकी साडेपाच इंच लांब, तीन सूत रुंद, एक सूत जाड. रुंदीच्या दोन फळ्या अडीच इंचांच्या, बाकी माप तेच. लांब फळ्यांसाठी पट्टीचा मधला भागच घ्यावा. एका पट्टीतून दोन फळ्या काढायला गेले की टोकाची गोलाई आड येते आणि सांध्यात फट राहते. उशाच्या दोन खांबांमध्ये अडीच इंच लांबीच्या दोन-तीन पट्ट्या एकावर एक उभ्या लावल्या की पाठ तयार होते.

जुळणीत क्रम महत्त्वाचा आहे. आधी उशाची चौकट आणि पायथ्याची चौकट वेगवेगळी करावी. आलेखाच्या कागदावर प्लॅस्टिकची पिशवी पसरून त्यावर ती आडवी ठेवून जोडली की काटकोन आपोआप मिळतो आणि काम कागदाला चिकटत नाही. दोन्ही चौकटी रात्रभर वाळू द्याव्यात आणि मगच लांब फळ्यांनी जोडाव्यात. फळ्यांची वरची कड जमिनीपासून दहा सुतांवर, पायथ्याच्या पायांच्या डोक्याशी बरोबर. जोडल्या जोडल्या दोन्ही कर्ण मोजावेत, ते १७० मिमीच्या आसपास आणि एकमेकांसारखे हवेत. दोघांत दोन मिमीचा फरक असला तरी पलंग तिरका होतो. पाय पॉलिश पेपरवर घासून हा दोष जात नाही. फेव्हिकॉल ओला आहे तोवर चौकट हाताने ओढून सरळ करावी.

आता तळ. लांब फळ्यांना आतून, वरच्या कडेपासून दोन मिमी खाली, काडेपेटीच्या काड्या आधार म्हणून चिकटवाव्यात. त्यावर आइस्क्रीमच्या काड्यांचे ६९ मिमीचे नऊ तुकडे, मध्ये सहा-सहा मिमी अंतर ठेवून बसवावेत. नऊ पट्ट्यांचे ९० मिमी आणि आठ फटींचे ४८ मिमी मिळून १३८ होतात आणि खांबांमधली जागा जवळपास १४० मिमी असते. पट्ट्या दाटून बसवू नयेत. पावसाळ्यात कापलेले लाकूड उन्हाळ्यात आकसते, उन्हाळ्यात कापलेले पावसाळ्यात फुगते, आणि दाटून बसवलेल्या पट्ट्या फुगल्या की रुंदीची फळी सांध्यातून उचकटते.

फेव्हिकॉलबद्दल दोनच गोष्टी. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या घरात असतो. तेव्हा पंख्याखाली काम केले तर दुसऱ्या टोकाला फेव्हिकॉल लावेपर्यंत पहिल्या टोकावर साय धरते. वरून सांधा जुळलेला दिसतो, पण आतून पकडलेला नसतो. पंखा बंद करावा आणि एका वेळी एकच सांधा घ्यावा. दुसरे म्हणजे, पॉलिश आधी आणि फेव्हिकॉल नंतर. जिथे फेव्हिकॉलचे बोट लागले तिथे लाकूड रंग पीत नाही, पांढरट डाग कायमचा राहतो. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखदाण्याचे दोन पातळ हात पुरे, तिसऱ्या हाताला पलंग प्लॅस्टिकचा वाटू लागतो. स्पिरिट पेट घेते, हा हात मोठ्या माणसानेच मारावा आणि जवळ गॅस किंवा उदबत्ती नसावी.

गादीकडे येऊ. लांबी १२ पट कमी झाली म्हणजे वजनही १२ पट कमी होत असेल असे वाटते, आणि इथेच हिशेब चुकतो. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही १२ पट कमी होतात, म्हणून वजन १२ × १२ × १२, म्हणजे १,७२८ पट कमी होते. खऱ्या एकेरी गादीत १० किलो कापूस असेल तर बाहुलीच्या गादीत तो सहा ग्रॅमच लागतो. वजनकाटा नसेल तर सैलसर पिंजलेला मूठ-दीड मूठ कापूस घ्यावा. याहून जास्त भरला की गादी मधोमध फुगते, कडा वर येतात, आणि तिच्यावर ठेवलेले सगळे घरंगळते.

गादीचे तयार माप १४४ × ७३ मिमी, जाडी तीन सूत. पलंगावरची मोकळी जागा १४६ × ७६ मिमी असते. मधले दोन-तीन मिमी चादर खोचायला सोडायचे. खोळीसाठी १६० × ९० मिमीचे दोन तुकडे कापून, तयार जाडी लक्षात घेऊन, तीन बाजू शिवून उलटवाव्यात आणि कोपरे पेन्सिलीच्या बोथट टोकाने बाहेर काढावेत. दुकानातला गादीपाट इथे चालत नाही. त्याची एक सेंटिमीटरची पट्टी बाहुलीघरात १२ सेंटिमीटरची दिसते. एक मिमी रेघेचे शर्टाचे कापड घ्यावे. कापूस चारही कोपऱ्यांपासून मध्याकडे भरत यावा, तोंड शिवावे आणि रात्रभर दोन जाड पुस्तकांखाली दाबून ठेवावे. सकाळी गादीवाला घालतो तसे टाके घालावेत. इंच-इंच अंतरावर, दोन ओळींत पाच-पाच, असे दहा टाके. सुई खाली काढून परत वर आणायची, दोरा फक्त टेकेल इतकाच ओढायचा आणि गाठ मारायची. टाका करकचून ओढला की तिथे खळगा पडतो आणि खऱ्या घराच्या हिशेबाने तो दोन-तीन इंच खोल दिसतो.

स्पंजची गादी सरळ कडांची होते हे खरे, आजच्या फ्लॅटचा देखावा असेल तर फोमची १० मिमीची शीट चालेलही. पण स्पंज दबलेला राहत नाही. माणसाच्या वजनाने गादी जिथे बसते तिथे ती बसायला हवी आणि बाहुलीला वजन नसते. कापसाची गादी बोटाने दाबून तसा बसका आकार देता येतो. वाड्याचे दालन करायचे असेल, गौरी-गणपतीच्या देखाव्यात अनेक जण करतात, तर कापूसच घ्यावा.

उशीत मात्र कापूस भरू नये. कापसाची छोटी उशी पोहे भरलेल्या पुडीसारखी टम्म राहते आणि तिच्यावर डोके ठेवल्याची खूण पडत नाही. त्यासाठी आत वजन हवे. बारीक वाळू धुऊन, तव्यावर कोरडी करून, चहाच्या गाळणीतून चाळून घ्यावी. दीड इंच बाय सव्वादोन इंच उशीला चहाचा दीड चमचा वाळू पुरते, म्हणजे उशी निम्मीच भरते. बोटाने दाबले की खळगा पडतो आणि तसाच राहतो. कापड कापताना प्रत्येक बाजूला एक सूत जास्त धरावे, म्हणजे पावणेदोन बाय अडीच इंचांचे दोन तुकडे. आतली खोळ घट्ट विणीच्या पॉपलिनची करावी, मलमलीतून वाळू झिरपते. अभ्रा मलमलीचा चालतो. मोहरी वापरायची असे कोणी सुचवले तर ऐकू नये, दाणे बाहेरून उठून दिसतात. राजगिरा दिसायला उत्तम, पण वर्षभरात त्याला कीड लागते. मीठ पावसाळ्यात पाणी सोडते.

आता मूळ मुद्दा, कापड. चादर ताठ का उभी राहते? मोठ्या पलंगावरून फूटभर खाली लोंबणारी चादर स्वतःच्या वजनाने पडते. बाहुलीच्या पलंगावरून ती फक्त इंचभर लोंबते. तेवढ्याशा कापडाला वजन जवळजवळ नसतेच, पण कापडाचा ताठरपणा होता तेवढाच राहतो. कात्रीने कापडाची लांबी-रुंदी कमी होते, जाडी आणि ताठरपणा कमी होत नाही. सोलापुरी चादरीचा एक पदर एक मिमी जाड धरला तरी बाहुलीघरात ती १२ मिमीची, म्हणजे अर्ध्या इंचाची जाजमासारखी दिसते. टेरी टॉवेलची तऱ्हा याहून वाईट. लूपसकट तो तीन मिमी भरला तर बाहुलीच्या न्हाणीघरात दीड इंच जाडीचा टॉवेल लटकतो. या दोन्ही मालांना भौगोलिक मानांकन मिळाले आहे आणि त्यांच्या जाड, उबदार, पाणी पिणाऱ्या अंगातच त्यांचे गुण आहेत. नेमके तेच गुण इथे आड येतात.

म्हणून कापड निवडताना रंग नंतर पाहावा, आधी जाडी मोजावी. कापडाच्या दहा घड्या एकावर एक घालून पट्टीने हलके दाबून मोजावे. दहा पदर मिळून दोन मिमीच्या आत आले तर ते कापड बाहुलीघराचे. मलमल, वायल, झिजलेले धोतर आणि आजीची मऊ झालेली सुती नऊवारी या कसोटीला उतरतात. नवी मलमल आणली तर गरम पाण्यात दोनदा धुऊन तिची खळ काढावी. पॉलिस्टर बारीक असते, पण घडी धरत नाही, कितीही इस्त्री केली तरी उसळून वर येते. नक्षीही मोजावी. तीन मिमीचे फूल बाहुलीघरात दीड इंचाचे दिसते, ते ठीक. एक इंचाचे फूल तिथे फूटभर होते आणि सगळ्या खोलीचे माप बिघडवते.

कडा शिवताना दुहेरी दुमड घालू नये. मलमलीतही तीन पदरांची कड दोरीसारखी जाणवते. कापायची रेघ आधी पाण्यात पातळ केलेल्या फेव्हिकॉलने बारीक ब्रशने ओढावी आणि वाळल्यावर त्याच रेघेवर धारदार कात्री चालवावी. धागे सुटत नाहीत आणि कड पातळ राहते. मशीनवर शिवायचे तर ९ नंबरची सुई लावावी आणि टाका एक मिमीवर आणावा. नेहमीचा दोन मिमीचा टाका बाहुलीच्या चादरीवर इंचभर लांब दिसतो.

एवढे करूनही चादर पूर्ण पडणार नाही, तिला पडायला लावावे लागते. एक चमचा साबुदाणा कपभर पाण्यात भिजवून, काचेसारखा पारदर्शक होईपर्यंत उकळून, गाळून घ्यावा. पलंग आणि गादी पातळ प्लॅस्टिकने झाकून थर्माकोलवर ठेवावी. चादर कांजीत बुडवून, पिळून, पलंगावर अंथरावी. लोंबत्या भागाला बोथट सुईने चुण्या पाडाव्यात आणि सेंटिमीटर-सेंटिमीटरवर टाचण्या टोचून कापड थर्माकोलपर्यंत ताणून धरावे. सावलीत तीन-चार तास वाळू द्यावे. कांजी दाट झाली तर गडद रंगावर पांढरी पापुद्री उठते, मग चादर धुऊन पुन्हा सुरुवात करावी लागते. ती परत धुता येते हाच कांजीचा मोठा गुण. फेव्हिकॉलच्या पाण्याने दिलेला आकार कायमचा असतो आणि चकाकतोही. कांजीला झुरळे आणि कसर लागते, म्हणून असे बाहुलीघर रात्री झाकून ठेवावे.

टेरी टॉवेल हवाच असेल तर झिजलेला फ्लॅनेल घ्यावा. त्याची लव अर्ध्या मिमीच्या आसपास असते. अडीच बाय पाच इंच कापून दोन्ही टोकांना रंगीत धाग्याची एक-एक ओळ घालावी, लांबून अगदी आपल्याकडचा टॉवेल वाटतो.

सोलापुरी चादर मात्र बाहुलीसाठी नव्याने विणावी लागते, आणि ते घरी जमते. ६० × ९० इंची चादर बाहुलीघरात ५ × साडेसात इंच होते. ३ इंची पलंगावर दोन्ही बाजूंना इंचभर लोंबते, अगदी हवी तशी. माग म्हणून साधारण ८ × १२ इंचांची मजबूत लाकडी चौकट घ्यावी, फोटोफ्रेमही चालेल. खरी अडचण असते उभे धागे सारख्या अंतरावर बसवण्याची. खिळे इतके जवळ ठोकता येत नाहीत, पुठ्ठ्याच्या खाचा फाटतात. त्यासाठी हार्डवेअरच्या दुकानातून ६ मिमीचा, आटे पाडलेला लोखंडी रॉड आणून त्याचे दोन तुकडे चौकटीच्या दोन टोकांना बांधावेत. या रॉडच्या दोन आट्यांतले अंतर बरोबर एक मिमी असते. एका आट्यात एक धागा बसवत गेले की ५ इंचांत १२७ उभे धागे येतात, आणि एकही सरकत नाही. चांगला शिलाईचा सुती दोरा दोन्ही रॉडभोवती गोल गुंडाळत जावे. शंभर मीटरचे एक रीळ पुरते. ताण सगळीकडे सारखा हवा. बोटाने छेडून पाहावे, एखादा धागा ढिला वाजला तर तिथपासून उलगडून परत गुंडाळावा. पुढे विणताना तो सावरता येत नाही.

आडव्या धाग्यासाठी भरतकामाच्या लडीतला एकच पदर घ्यावा. एका लडीत आठ मीटर आणि सहा पदर असतात, म्हणजे एकेरी ४८ मीटर. एक लड गडद, एक फिकट, एवढ्यात एक चादर होते. धोट्याऐवजी लांब बोथट सुई आणि फणीऐवजी केसांचा बारीक दातांचा कंगवा. गडद धागा एक वरून, एक खालून न्यावा, परतीचा फिकट धागा त्याच्या उलट. असे एकाआड एक विणत गेले की उभे धागे झाकले जातात आणि गडद-फिकट उभ्या रेघा उमटतात. सलग दोन गडद घातले की रेघांची जागा बदलते, आणि या अदलाबदलीतूनच काठाच्या पायऱ्या आणि चौकटी निघतात. यात सगळ्यांत सुंदर गोष्ट ही की समोर जिथे गडद दिसते तिथे मागे फिकट येते. जेकार्डवरच्या, म्हणजे नक्षी विणणाऱ्या मागावरच्या, आपल्या दुहेरी चादरीत जशी पाठ-पोट रंगांची अदलाबदल असते, तशीच ती या साध्या विणीत आपोआप साधते. मुलाला चादर उलटी करून दाखवावी. गावातल्या मागावर काय चालते ते एवढ्याशा तुकड्यात त्याच्या डोळ्यांसमोर येते.

चुकते ते कडांवर. आडवा धागा सरळ ओढला की तो उभ्या धाग्यांना आत खेचतो. पाच इंचांवर सुरू झालेली चादर अर्ध्यावर सव्वाचार इंचांवर येते आणि तिला कंबर पडते. प्रत्येक आडवा धागा आधी कमानीसारखा सैल टाकावा, मग कंगव्याने खाली बसवावा. चौकटीच्या दोन्ही बाजूंना ५ इंचांवर रंगीत दोरा ताणून ठेवला की आत येणारी कड लगेच लक्षात येते. सगळी चादर व्हायला पाचशेच्या आसपास आडवे धागे लागतात, घाई करणाऱ्याचे हे काम नव्हे. दिवसाला इंचभर विणले तर आठवड्यात चादर उतरते. उतरवताना उभे धागे कापून दोन-दोनच्या गाठी माराव्यात, नाहीतर शेवटच्या चार ओळी लगेच उसवतात.

नक्षी किती बारीक येईल यालाही मर्यादा आहे. खऱ्या चादरीवरचे सहा इंची फूल इथे अर्ध्या इंचात बसवायचे, म्हणजे जेमतेम १२ उभे धागे. १२ धाग्यांत मोर येत नाही. पायरी, चौकट, उभ्या-आडव्या पट्ट्या येतात, आणि त्याच घ्याव्यात. मोराचा हट्ट असेल तर नक्षीचा फोटो लहान करून मलमलीवर छापावा. मलमल ए-फोर आकाराच्या चिकट स्टिकर कागदावर सुरकुती न पडता चिकटवून इंकजेट प्रिंटरमधून काढता येते. साध्या शाईचे छापील कापड ओले करू नये, रंग पसरतो.

मागावरचा भीम (उभे धागे गुंडाळलेला रूळ) संपताना उरलेल्या दोऱ्यांचे गुंते कारखान्यांत चिंध्यांबरोबर जातात. मागितले तर मिळतात. ते सूत या कामाला जाड पडते, पण दुहेरी असेल तर पीळ उलटा देऊन एक-एक पदर सुटा करता येतो. असा सुटा धागा कमजोर असतो, तो आडवाच वापरावा, ताणून उभा लावला तर तुटतो. लाल आणि मरून रंग आधी तपासावा. ओल्या धाग्यावर पांढरे फडके ठेवून इस्त्री फिरवली आणि डाग उमटला, तर तो धागा फिकट रंगाशेजारी घालू नये. विणलेला माल विकायला ठेवणाऱ्यांनी त्यावर ‘सोलापुरी चादर’ असे नाव लावण्याआधी मानांकनाचे नियम विचारून घ्यावेत.

गोधडीत भर घालू नये, झिजलेल्या मलमलीचे दोन पदर आणि मध्ये धोतराचा एक, एवढेच. दीड मिमीचा धावदोरा, तीन-तीन मिमीवर ओळी. मच्छरदाणीला मच्छरदाणीचीच जाळी लावली तर तिची भोके बाहुलीघरात दोन सेंटिमीटरची दिसतात, ऑरगंझा लावावा. बाज विणायची असेल तर चौकटीचे सांधे नुसत्या फेव्हिकॉलवर ठेवू नयेत. विणीचा ताण चारी बाजूंनी आत ओढतो. सांध्यात दोन मिमीचे भोक पाडून दात कोरायची काडी ठोकावी, आणि पायथ्याशी इंचभर जागा मोकळी सोडून तिथे ताणाची दोरी वेगळी घालावी. ढिली झाली की तेवढीच ओढता येते.

तीन वर्षांखालच्या मुलांच्या हाती यांतले काहीही देऊ नये. वाळूची उशी, टाचणी, काड्या सगळे तोंडात जाण्याजोगे आहे.

संपादक महोदय, पुढच्या पुरवणीत पलंगाच्या भागांचा आणि उशी-गादीच्या कापडाचा साचा मूळ मापात छापावा अशी आमची कळकळीची विनंती आहे. ३ × ६ इंचांचा पलंग वर्तमानपत्राच्या पाव पानात आरामात मावतो. फक्त साच्याखाली ५ सेंटिमीटरची एक सरळ रेघ जरूर छापावी आणि ‘ही रेघ पट्टीने मोजा’ असे शेजारी लिहावे. मोबाइलवरून किंवा झेरॉक्सवरून साचा काढताना तो कितीतरी वेळा न सांगता लहान-मोठा होतो. रेघ ४७ मिमी भरली तर साडेपाच इंची फळी सव्वापाच इंचांहूनही आखूड होते, आणि हे कळते तेव्हा लाकूड कापून झालेले असते.

आपले,
बाहुलीघराचे काम करणारे काही वाचक,
सोलापूर